लोहाराची शुगर

लोहाराचा कुणावर म्हणून विश्वास नव्हता. कोळशाचं पोतं आलं की ते पुन्हा स्वतःच्या काट्यावर चढवल्याशिवाय त्याला चैन पडत नसे. त्यामुळे गावातल्या आरोग्य शिबिरात नर्सने शुगर मोजायचं मशीन हातात दिलं, तेव्हा त्याचे डोळे बारीक झाले.

"काका, तुमची शुगर दोनशे नव्वद आहे. दवाखाना इथून पाच तासांवर. म्हणून रोज सकाळी उपाशीपोटी बोट टोचा, आकडा आपोआप मला तिकडे दिसेल."

"आणखी काय काय दिसतं तुम्हाला?"

"फक्त शुगर," नर्स हसली. तेवढ्या हसण्यावरूनही लोहाराच्या मनात पाल चुकचुकली. घरी त्याने मशीन फडक्यात गुंडाळून ठेवलं. न जाणो, ऐकत असलं तर?

पण खरी अडचण निराळीच निघाली. घण मारून मारून त्याच्या बोटांना असे घट्टे पडले होते की सुई टोचली तरी रक्ताचा थेंब येईना. तीन पट्ट्या वाया गेल्या. दुपारी नर्सचा फोन, "काका, आज आकडा आला नाही?"

"बघ, नजर आहे आपल्यावर," तो बायकोला म्हणाला.

बायको वैतागली. "द्या इकडे, माझं बोट टोचा. रक्त ते रक्त! तिला तिकडे काय कळतंय?"

एकशे सव्वीस आले. नर्स खूश. लोहार त्याहून खूश. "कुणाचं रक्त हेही कळत नाही, आणि म्हणे मशीन!" मग रोज बायकोचंच बोट पुढे होऊ लागलं. आकडा चांगला येतोय म्हटल्यावर त्याने गोळ्यांनाही हळूहळू फाटा दिला.

तीन महिन्यांनी आकडा चढायला लागला. दीडशे, एकशे सत्तर, दोनशे.

"काका, गोळ्या घेताय ना?" नर्सने विचारलं.

"घेतो की."

"मग डॉक्टरांना डोस वाढवायला सांगते."

म्हणजे हा गोळ्या खपवायचा डाव, लोहाराने ताडलं. मग वाटलं, मशीनच बिघडलं असेल. आणि मग संशयाची सुई फिरत फिरत घरातच आली. रक्त बायकोचं, म्हणजे चोरून साखर खाणारीही तीच! तिची पाठ वळताच त्याने साखरेच्या डब्यात आतून कानशीने बारीक रेघ ओढून ठेवली.

दोन दिवस साखर रेघेवरून हलली नाही. मात्र पाण्याची कळशी दुपारच्या आतच रिकामी होत होती. बायको तांब्यामागून तांब्या घशाखाली ओतत होती.

"एवढं पाणी?"

"महिनाभर झाला, तहान भागतच नाही. रात्रीतून चारदा उठते. तुम्ही घोरत पडलेले असता, तुम्हाला काय पत्ता!" मग तिने डबा त्याच्यासमोर आपटला. "आणि हे काय ओरखडलंय? माझ्यावर पहारा?"

तिच्या गालांची हाडं वर आलेली लोहाराला आज दिसली. इतके महिने आकडा खरं तेच सांगत होता, फक्त तो त्याचा नव्हता.

त्याने स्वतः नर्सला फोन लावला. आयुष्यात पहिल्यांदाच. "ताई, ते रक्त माझं नव्हतं. हिचं होतं."

तो बोलणी खायच्या तयारीतच होता.

"काकूंना फोन द्या," एवढंच ती म्हणाली. बायकोची कसून चौकशी झाल्यावर लोहाराची पाळी आली. "हात कोमट पाण्यात धरा. आता बोटाच्या टोकाला नको, कडेला टोचा."

थेंब आला. तीनशे चाळीस.

"उद्या दोघंही निघा," नर्स म्हणाली.

दवाखान्यात बायकोला गोळ्या लागल्या, त्याला इंजेक्शनं. शिवाय पायाच्या अंगठ्यावर भट्टीतल्या ठिणगीने झालेली जखम सापडली. शुगरने पाय बधिर झाल्यामुळे त्याला ती कधी दुखलीच नव्हती. आणखी महिनाभर गेला असता तर अंगठा कापावा लागला असता, असं डॉक्टरांनी तोंडावर सांगितलं.

आता घरात दोन मशीनं आहेत. रोज सकाळी नर्स व्हिडिओवर येते. "काका, आधी चेहरा दाखवा. आता बोट. हं, टोचा."

"एवढं झालं तरी बाईचा विश्वास नाही आपल्यावर," फोन ठेवल्यावर लोहार कुरकुरला.

"का ठेवावा?" म्हणत बायकोने स्वतःचं मशीन त्याच्यापासून लांब, आपल्या कपाटात ठेवलं.