बुडबुड्यांत फिरलेला चमचा

मी एक चमचा बोलतोय. तुमच्या पोह्यांच्या बशीतला नव्हे. मी वीतभराहून लांब, दांड्याला दोरीसारखा पीळ आणि टोकाला इवलीशी वाटी. जेवायला मी निरुपयोगी. माझा जन्म वाईनचे पेले जुळवण्यासाठी, म्हणजे वाईन नि रस पेल्यात अलगद एकजीव करण्यासाठी झाला.

कारखान्यातलं फारसं आठवत नाही. पोलादाची एक तापलेली काडी आणि तिला पीळ देणारं यंत्र, एवढंच. खरे डोळे उघडले ते पुण्याच्या एका हॉटेलात, गोविंदसिंगांच्या हातात.

गोविंदसिंग मूळचे विदर्भातल्या धनज गावचे. बायको चंदाबाई आणि मुलगी रंजीता गावी, आणि ते अठ्ठावीस वर्षं त्या हॉटेलच्या बारमध्ये. दिवाळीला नि पोळ्याला घरी यायचे, तेवढंच. फसफसणाऱ्या वाईनची कॉकटेलं त्यांच्यासारखी कुणाला जमत नसत. इतर लोक बाटलीचं बूच धाडकन उडवतात. ते बूच घट्ट धरत आणि बाटलीच हळूहळू फिरवत. मग बाटली नुसता एक उसासा टाकी. पेल्यात आधी फळाचा रस, मग माझ्या पिळावरून घरंगळत उतरणारी थंडगार वाईन. शेवटी मला तळाशी नेऊन एकदाच, अलगद वर उचलायचं. जोरात ढवळलं की बुडबुडे मरतात.

त्या एका क्षणासाठी मी जगायचो. तळातून मोत्यांच्या माळा सुटायच्या, माझ्या अंगाला गुदगुल्या करत वर जायच्या. खालून वर पडणारा पाऊसच तो. वर काचेपलीकडे दिवे तरंगत, माणसांचे चेहरे पाण्यात पाहिल्यासारखे हलत. पहिल्या घोटाला माणसं डोळे मिटतात आणि दुसऱ्या घोटानंतर एकदम बोलू लागतात, हे मी तिथूनच पाहिलं.

गोविंदसिंग स्वतः मात्र पेला घेत नसत. मनगटावर एक थेंब टाकायचा, वास घ्यायचा, जिभेला लावायचा, बस्स.

मग एका साली त्यांना मोठा ताप आला. ताप उतरला, पण नाकाला वास येईनासा झाला तो कायमचाच. लिंबू नि संत्रं नाकाला सारखंच. वासाशिवाय पेला जुळत नाही, असं म्हणत त्यांनी स्वतःहून काम सोडलं. मला रुमालात गुंडाळलं आणि धनजला आणून पेटीत ठेवलं. तीन वर्षं मी त्या अंधारात होतो. हॉटेलाचा विषय कुणी काढला, की ते उठून बाहेर जात.

यंदा फेब्रुवारीत पेटी उघडली ती रंजीतानं. तिनं अमरावतीला हॉटेलचं शिक्षण घेतलं होतं. नागपूरच्या एका मोठ्या हॉटेलनं तिला परीक्षेला बोलावलं होतं. फसफसत्या वाईनचं एक नवं कॉकटेल स्वतः जुळवून दाखवायचं. ओढणीत गुंडाळून तिनं दोन बाटल्या आणि दोन उंच ग्लास आणले होते. बाबांनी शिकवावं, असा हट्ट धरला. ते नाहीच म्हणत होते.

"मले वासच येत नाही, तर तुले काय सांगू?" ते म्हणाले.

"नाक माहं, हात तुमचे," रंजीता म्हणाली.

शेजारच्या भिवाजीच्या बागेत तेव्हा काही झाडांवर संत्री लटकत होती आणि काही झाडं फुलांनी पांढरी झाली होती. सगळी गल्ली त्या वासात पेंगुळली होती. रंजीतानं ओटीभर फुलं वेचून आणली, साखरेच्या पाकात उकळली. दुपारी ओसरीवर बैठक जमली. ताज्या संत्र्याचा रस, वर चमचाभर पाक. गोविंदसिंगांनी मला उचललं. बाटली हळूहळू फिरली आणि तिनं तोच जुना उसासा टाकला. आणि मी पुन्हा माझ्या पावसात उभा राहिलो.

रंजीतानं घोट घेऊन डोळे मिटले. अख्खी बाग तोंडात आली, असं तिचं म्हणणं. मग गोविंदसिंगांनी आयुष्यात पहिल्यांदा भरला घोट घेतला.

"मांगून कडू लागून राह्यलं," ते म्हणाले. "फुलं उकळले का तू?"

रंजीतानं नाक चिमटीत धरून पुन्हा चाखलं. खरंच कडू होतं. सुगंधानं तो कडवटपणा झाकला होता, आणि ज्याला सुगंध येत नव्हता त्यालाच तो सापडला होता.

दुसऱ्या दिवशी फुलं उकळली नाहीत. सकाळी थंड पाकात बुडवून झाकून ठेवली, दुपारी गाळली. पेला जुळला. गोविंदसिंगांनी नुसती मान डोलावली आणि रंजीताचे डोळे भरून आले.

चंदाबाई दोन्ही दिवस दारात तूर निवडत बसल्या होत्या, आपला काही संबंध नसल्यासारख्या. आता त्या उठल्या आणि हात पुढे केला. गोविंदसिंगांनी त्यांच्यासाठी पेला भरला. बुडबुडे नाकात गेले, त्या शिंकल्या, हसल्या, आणि सावकाश सगळा पेला संपवला. मग नवऱ्याकडे बघून म्हणाल्या,

"अठ्ठावीस वर्सं तुमी दुनियेले हे पाजलं. मले काहून नाही?"

रंजीता हळूच बागेकडे निघून गेली. गोविंदसिंगांनी मला पुन्हा उचललं आणि दुसरा पेला जुळवायला घेतला, याआधी कुणासाठीच जुळवला नव्हता इतक्या सावकाश.

रंजीताला नोकरी लागली. जाताना तिनं मला मागितलं. बाबा देणारच होते. पण चंदाबाईंनी मला त्यांच्या हातातून घेतलं.

"तू दुसरा घेजो," त्या लेकीला म्हणाल्या. "हा घरी राहीन."

तेव्हापासून मी त्यांच्या फडताळात, झाऱ्याशेजारी असतो. रंजीता बाटली घेऊन येते तेव्हा वाईनमध्ये उतरतो, एरवी संत्र्याच्या सरबतात. मित्रांनो, ज्यांच्या हातची गोडी बाहेरच वाटली गेली, अशी माणसं तुमच्याही घरात असतील. एखाद्या दुपारी त्यांच्यासमोर रिकामा पेला धरा. बाकी काही बोलू नका.