आठ मिलिमीटर

पैज लागली ती अशी. मीटरकाका जिंकले तर तळमजल्यावरच्या शिंप्याने स्वतःच्या मापाचा झालरीचा फ्रॉक शिवायचा आणि शनिवारी संध्याकाळी पाच वाजता तो घालून पार्किंगमध्ये तीन फेऱ्या मारायच्या. शिंपी जिंकला तर मीटरकाकांनी नर्सताईची गाडी हातांनी ढकलत कोपऱ्यावरच्या गॅरेजपर्यंत न्यायची, आणि रस्ताभर तोंडाने हॉर्न वाजवायचा. मोठ्याने. गाल फुगवून.

पन्नाशी ओलांडलेल्या दोन माणसांना असलं काही सुचतं कसं, असं विचारू नका. मीटरकाकांना सुचायचंच. वीज कंपनीत मीटर तपासायची नोकरी, सव्वीस वर्षं झालेली. कुठल्या घरात मीटर अडवून ठेवलाय हे त्यांना जिन्यातूनच कळतं अशी ख्याती. उरलेल्या वेळात खोड्या. मागे एकदा लिफ्टमध्ये 'आजपासून लिफ्ट आवाजावर चालेल, मजला मोठ्याने सांगा' अशी चिठ्ठी डकवून ते जिन्यात दबा धरून बसले होते, आणि बँकेतले साहेब बंद लिफ्टमध्ये "चार, चार" करत उभे राहिले होते. ती गोष्ट काका अजून सांगतात, साहेबांसमोर सांगतात.

तर त्या दिवशी वरच्या मजल्यावरची नर्सताई पार्किंगमध्ये गॅरेजचा कागद हातात धरून उभी होती. गाडीचा ब्रेक दाबला की कर्र आवाज यायचा, म्हणून तिने फोरमनला दाखवली होती. गॅरेज त्याचंच, पण सगळे त्याला फोरमनच म्हणायचे. कागदावर त्याने लिहून दिलं होतं: पुढचे ब्रेक पॅड, पुढच्या दोन्ही डिस्क, ब्रेक ऑइल, मजुरी. खाली आकडा. आकडा बघून नर्सताईचा चेहरा पडला होता.

"काका, तुम्हाला कळतं यातलं. बरोबर आहे का हो हे?"

काकांनी कागद हातात घेतला, लांब धरला, जवळ धरला. "दोन्ही डिस्क? सर्दी झाली म्हणून गेलं आणि डॉक्टर म्हणाला, दोन्ही फुप्फुसं बदला."

"फोरमन तसला नाही," शिंपी दुकानाच्या दारातून म्हणाला. गळ्यात टेप होताच. "पंधरा वर्षं माझी गाडी तोच बघतो."

"म्हणून तर त्याने मजला चढवला घरावर."

"उगाच कुणाला चोर म्हणू नकोस."

"म्हणत नाही. मोजून दाखवतो. लावतोस पैज?"

लावली. बँकेतले साहेब पंच झाले. त्यांना तर दोघांपैकी कुणाचीही फजिती चालणार होती.

दुसऱ्या दिवशी काका नर्सताईबरोबर गॅरेजवर गेले. खिशात जाडी मोजायचा व्हर्नियर. ते यंत्र त्यांनी कधीकाळी हौसेने घेतलं होतं आणि घरातल्या चपातीपासून बायकोच्या बांगडीपर्यंत सगळं मोजून झालं होतं. आदल्या संध्याकाळी मोबाइलवर बसून त्यांनी अभ्यासही केला होता: पॅड तीन मिलिमीटरच्या खाली गेला की बदलायचा. एवढं एकच वाक्य, पण पाठ.

फोरमनने जॅक लावला, चाक काढलं, पॅड काढून टेबलावर ठेवला. तेवढ्यात त्याला कुणीतरी हाक मारली म्हणून तो आत गेला. काकांनी व्हर्नियर काढला, पॅड दोन जबड्यांत धरला आणि वाचलं. आठ. परत वाचलं. आठच. त्यांच्या पोटात अशी काही गुदगुली झाली की विचारू नका. त्यांनी फोटो काढला. मग चाकामागच्या लोखंडी डिस्कवरून अंगठा फिरवला. कडेला नखाएवढा उंचवटा लागला. पावसाचं पाणी अडवायला केला असेल, असं त्यांनी स्वतःलाच समजावलं.

फोरमन परत आला तेव्हा बाकावर तीन गिऱ्हाईकं बसली होती. काकांना तेवढी सभा पुरे होती.

"फोरमन, तीनला बदलायचा ना पॅड? हा आठ भरतोय. की तुमच्याकडे मिलिमीटर वेगळा मिळतो?"

"काका, तुम्ही ते कसं धरलं ते..."

"दोन हातांनी धरलं. सव्वीस वर्षं मोजमापच करतोय मी."

"तसं नाही, त्याची मागची..."

"मागची बाकी आहे का काही? तीही लावा बिलात."

बाकावरचे हसले. फोरमनने एकदा हसणाऱ्यांकडे पाहिलं, एकदा काकांकडे. मग त्याने फडक्याला हात पुसले, पॅड उचलला आणि होता तसा परत बसवला. चाक लावून झाल्यावर तो फक्त नर्सताईशी बोलला.

"ताई, हळू चालवा. आणि जमेल तेवढ्या लवकर काम करून घ्या, माझ्याकडे नाही तर दुसरीकडे."

"बघ, घाबरवायला लागला," काका बाहेर पडता पडता म्हणाले, आणि त्याला ऐकू जाईल अशा बेताने म्हणाले.

त्या संध्याकाळी बिल्डिंगच्या ग्रुपवर फोटो पडला. व्हर्नियर, पॅड, आठचा आकडा, आणि खाली काकांची ओळ: 'पुढच्या आठवड्यात फोरमन तुमचे दात मोजणार आहेत, तोंड बंद ठेवा.' हसण्याची नुसती रांग लागली. दुसऱ्या मजल्यावरच्यांनी लिहिलं, आम्ही सर्व्हिसिंगला देणार होतो, आता नाही देत. आणखी दोघांनी तेच लिहिलं. बँकेतल्या साहेबांनी निकाल जाहीर केला. शिंप्याने एवढंच लिहिलं, 'फोटो आहे म्हणजे मान्य करावंच लागेल. कापड बघतो.' गुलाबी कापड घेतलं त्याने. दिलेला शब्द म्हणजे शब्द, असा माणूस.

शनिवारी दुपारी काकांना वाटलं, अजून थोडं मीठ चोळावं. पॅडची खरी किंमतही ग्रुपवर टाकावी. म्हणून ते बाजारात गाडीचे सुटे भाग विकणाऱ्या दुकानात गेले. काउंटरवर चष्मा कपाळावर चढवलेल्या एक बाई होत्या. गाडीचं मॉडेल सांगितल्यावर त्यांनी नवा पॅड पुढ्यात ठेवला. सवयीने काकांनी व्हर्नियर काढला. सतरा.

"लोखंडासकट काय मोजताय?" बाई म्हणाल्या.

"म्हणजे?"

बाईंनी पॅड आडवा धरला. "हे बघा. ही मागची लोखंडी पट्टी. हिच्यावर हा काळा थर चिकटवलेला असतो. घासतो तो थर. मोजायचा तोच. पट्टीच सहाची आहे, ती काय झिजणार?"

काका पट्टीकडे बघत राहिले. आठातून सहा. शाळेतल्या पोराला येईल अशी वजाबाकी, पण त्यांना ती तीनदा करावी लागली.

"आणि डिस्क..." काकांनी विचारलं. "कडेला उंचवटा लागत असेल तर?"

"मग मधली खाल्ली गेलीय. दोन्ही बदला. दाखवा बरं काय लिहून दिलंय?" मोबाइलमधला फोरमनच्या कागदाचा फोटो बघून त्या म्हणाल्या, "स्वस्तात देतोय की. मी एवढ्यात नुसता माल देते. कोण आहे हा?"

काकांनी मोबाइल खिशात घातला.

खरं तर तिथेच, दुकानाच्या पायरीवर, नर्सताईला फोन लावायचा होता. ती ड्यूटीवर होती, पाचला घरी यायची. 'गाडी तिथेच ठेव, रिक्षाने ये' एवढंच सांगायचं. काकांनी नंबर काढलासुद्धा. मग मनात आलं, ती विचारेल का. मग कारण सांगावं लागेल, मग शिंपी, मग साहेब, मग सगळा ग्रुप. त्यापेक्षा आजचा कार्यक्रम उरकू दे. उद्या तिला हळूच म्हणू, पॅड चांगलेच आहेत, पण घे बदलून, जिवाला घोर नको. पदरचे थोडे पैसेही घालू. कुणाला काही कळायची गरज नाही. चार दिवसांत काय होतंय? हे सगळं एवढं पटकन आणि इतकं गोड सुचलं की फोन त्यांच्या हातातच बंद झाला.

पाच वाजता पार्किंग भरलेलं होतं. काकांनीच घरोघरी जाऊन सांगितलं होतं ना, कुणी चुकवू नका म्हणून. खुर्च्या आल्या होत्या. निवृत्त शाळाबाई नेहमीच्या बाकावर बसल्या होत्या, कडेला. शिंपी दुकानातून निघाला. गुलाबी फ्रॉक, तीन झालरी, पाठीमागे नाडीचं फूल, खाली केसाळ पिंढऱ्या. पहिली फेरी होईपर्यंत लोक पोट धरून हसले. शाळाबाई नीट दिसावं म्हणून बाकावरून उठून दोन पावलं पुढे आल्या.

आणि नर्सताईची गाडी फाटकातून आत आली.

ती काही जोरात नव्हती. रोजच्यासारखी वळली. पण जिथे रोज थांबायची तिथे थांबली नाही. लांबलचक कर्र आवाज आला, आतून नर्सताईचे दोन्ही हात स्टिअरिंगवर ताठ झालेले दिसले, आणि गाडी बाकाला जाऊन भिडली. बाकाचा पाय मोडला. फळी खाली आली. शाळाबाई हातभर अंतरावर उभ्या होत्या, चष्मा सावरत.

नर्सताई दार उघडून बाहेर आली.

"बाई, लागलं का तुम्हाला? माझीच चूक. उशिरा दाबला मी. थकले होते, लक्ष नव्हतं." मग काका दिसले तसे तिने त्यांचा हात धरला. "तरी बरं, ब्रेक तुम्ही बघून दिले होते. नाहीतर काय झालं असतं."

काकांना वाटलं, हिने थोबाडीत मारली असती तर बरं झालं असतं. हात सोडवून घ्यायचंही धाडस होईना.

"होतं असं," कुणीतरी म्हणालं. "चला, शिंपीदादा, दोन फेऱ्या राहिल्यात."

शिंपी खरोखरच निघाला. झालर वर धरून, मान खाली घालून, निमूट. काका त्याच्याकडे बघत होते. फ्रॉक त्याने मनापासून शिवला होता, शिलाई सरळ होती.

"शिंप्या, थांब," काका म्हणाले.

"काय आता? टाळ्या कमी पडल्या?"

"तो घालायचा नव्हता तुला. थोडी गडबड झालीय."

"कसली?"

"म्हणजे... मापात जरा."

"जरा म्हणजे किती?" बँकेतल्या साहेबांनी विचारलं.

काकांनी बायकोकडे पाहिलं. ती पहिल्या खुर्चीत होती, आणि तिच्या तोंडावरचं हसू अजून पुरतं उतरलं नव्हतं.

"मी लोखंडी पट्टीसकट मोजलं," ते म्हणाले. "पट्टी सहाची. पॅड दोनच उरलाय. डिस्कही गेल्यात. फोरमनने लिहिलं ते सगळं बरोबर होतं. भावसुद्धा."

कुणी हसलं नाही. काकांना आयुष्यात पहिल्यांदा वाटलं, कुणीतरी हसावं.

"कधी कळलं तुम्हाला?" नर्सताईने विचारलं. अगदी हळू.

"दुपारी."

"दुपारी किती वाजता?"

"एक, दीड."

"माझा नंबर आहे तुमच्याकडे."

"आहे."

शाळाबाईंचा हात धरून नर्सताईने त्यांना खुर्चीवर बसवलं, आणि त्यांची नाडी बघत बसली. काकांची बायको उठली. "अहो, फोनसुद्धा नाही केला तुम्ही?" एवढं म्हणून ती घरात निघून गेली. तिच्या मागून दोन-तीन खुर्च्या सरकल्याचा आवाज झाला.

काका गाडीच्या मागे जाऊन उभे राहिले. "कुणीतरी स्टिअरिंगवर बसा," ते म्हणाले.

शिंपीच बसला, फ्रॉकसकट. "हँडब्रेक माझ्या हातात आहे," तो काच खाली करून म्हणाला. "तू ढकल."

रस्ता सपाट होता, तरी पहिल्या वीस पावलांतच काकांचा श्वास लागला. फाटकाबाहेर आल्यावर शिंप्याने मान मागे वळवली. "हॉर्न," तो म्हणाला. चेष्टेने नाही.

"पों," काका म्हणाले.

"गाल फुगवून ठरलं होतं."

"पों. पों." किराणा दुकानातली गिऱ्हाईकं बाहेर आली. सलूनमधला एकजण गालावर साबण तसाच घेऊन दारात आला. रोज या रस्त्याने काका सगळ्यांना टोमणे मारत जायचे. आज सगळे बघत होते आणि एकालाही टोमणा सुचत नव्हता. मागून बिल्डिंगमधले चालत येत होते, अंतर ठेवून. काका खाली मान घालून ढकलत राहिले. पों. पों.

गॅरेजच्या दारात फोरमन उभा होता. बाकावर गिऱ्हाईक एकही नव्हतं. त्याने गाडीकडे पाहिलं, फ्रॉककडे पाहिलं, चाकाखाली दगड लावला.

"फोरमन, मी लोखंडासकट..."

"ठाऊक आहे," तो म्हणाला. "तेच सांगत होतो त्या दिवशी."

त्याने जॅक लावला, चाक उतरवलं, पॅड काढला आणि टेबलावर ठेवला. "व्हर्नियर आहे का?"

काकांनी खिशातून काढला. त्यांनी या वेळी पट्टी सोडून नुसता काळा थर जबड्यांत धरला. दोनही नव्हता भरत.

"किती?" फोरमनने विचारलं.

"पावणेदोन."

"मला नका सांगू. त्या दिवशी जेवढ्या मोठ्याने सांगितलं होतं, तेवढ्याने सांगा. तिकडे वळून."

काका रस्त्याकडे वळले. बिल्डिंगमधले उभे होते, किराणावाला उभा होता, नर्सताई अगदी मागे, बिल्डिंगच्या फाटकाशी उभी होती. "पावणेदोन," ते म्हणाले. ती लांब होती. त्यांनी श्वास घेतला आणि तिला ऐकू जाईल असं परत सांगितलं.