लाल पट्ट्यापर्यंत

पावसाची झड उघडली रे उघडली, की धुरपता दगड उचलून टेकाडावरच्या वावराकडे निघायची.

"अवो, इकडं रोवणा अडून राहिला, अन् तू सळया ठोकाले चालली!" भाताची रोपं लावता लावता बांधीतल्या चिखलातून तिचा नवरा यादोराव ओरडला.

"मंग हलू देऊ का? साहेब काय सांगून गेला, इसरले का? सळई हलली का नंबर गेला!"

साहेब म्हणजे धर्मेंद्र, मृदसंधारणाचा सर्व्हेवाला. मागच्या उन्हाळ्यात त्यानं उतारावरच्या वावरांत लोखंडी सळया गाडल्या आणि जमिनीलगत लाल पट्टा मारला. उपग्रहाच्या चित्रावर या सळयांची मापं बसवून नकाशा निघणार होता. ज्याचं वावर नकाशात लाल, त्याला दगडी बांध. धुरपता त्या बांधासाठी जीव टाकायची. सासऱ्यानं हातानं फोडलेलं दीड एकर ते. दर पावसाळ्यात माती नाल्यात जायची, तुरीची मुळं उघडी पडायची, नांगराचा फाळ खडकाला घासायचा. बांध नाही झाला तर दोन वर्षांनी पेरायचं कुठं, कपाळावर?

पण प्रत्येक पावसानंतर लाल पट्टा चार बोटं वर आलेला दिसायचा. सळई उपटून चालली, आता साहेब नाव खोडणार! मग ती ठाणठाण ठोकायची आणि पट्टा जमिनीला टेकवूनच घरी यायची. अंगात ताप असतानाही गेली बिचारी.

दिवाळीनंतर माणसं येऊन मापं घेऊन गेली. धुरपता तेव्हा धान कापायला गेली होती. महिन्याभरानं धर्मेंद्रनं ग्रामपंचायतीत नकाशा लावला. शेजारच्या तुलारामचं वावर लालभडक, बांध मंजूर. धुरपताचं मात्र हिरवंगार.

"हिरवं म्हंजे चांगलं ना, साहेब?"

"चांगलंच मावशी. तुमची माती बोटभरही गेली नाही."

"कायची नाही गेली! चार-चार बोटं सळई उघडी पडे. म्या ठोकून ठोकून बसवली. एक हलू नाही देली!"

तिनं हे मोठ्या तोऱ्यात सांगितलं. धर्मेंद्रनं टॅब बंद केला.

"मावशी, सळई हलत नव्हती. माती खाली जात होती. तेच तर मोजायचं होतं आम्हाला."

"मंग सांगाले काय झालं होतं? तोंड शिवलं होतं का तुमचं?"

"नकाशा वर गेला. आता पाच वर्षांनी नवा होईल," एवढं बोलून साहेबानं गाडीला किक मारली. आता सांगा, कोणाच्या नावानं बोटं मोडायची बाईनं?

पुढच्या पावसाळ्यात झड उघडली तशी ती पुन्हा टेकाडावर गेली. हातात दगड होताच. सळई वीतभर उघडी पडली होती. तिनं दातओठ खाऊन घाव घातला, पण सळई तसूभर खाली जाईना. खाली खडक लागला होता.

"मोजा ना आता! या ना मोजाले!" ती वावरात उभी राहून रडत ओरडत राहिली.

यादोराव धापा टाकत वर आला. त्यानं तिच्या हातातला दगड काढून घेतला.

"चाल घरी," तो म्हणाला. "नव्या नकाशाले साडेचार वर्सं हायेत अजून."