उसनं पाऊल

मी एक जुनी कॅसेट आहे, मित्रांनो. गाण्यांची समजून कान लावाल तर काही ऐकू येणार नाही. मी व्हिडिओ गेमची कॅसेट. राखाडी प्लॅस्टिकची, तळहाताएवढी, अंगावरचे चित्र अर्धे सोललेले. सध्या मी एका मोठ्या कंपनीच्या दारातल्या काचेच्या पेटीत, मखमलीच्या तुकड्यावर बसले आहे. येणारेजाणारे थांबतात, माझा फोटो काढतात आणि म्हणतात, "काय मान आहे बघा जुन्या गोष्टीचा!" मान कसला डोंबलाचा! ज्या घराने मला जीव लावला, त्याच घरच्या मुलीने माझा विश्वासघात केला. मी रागावून बोलते आहे असे तुम्हाला वाटेल. रागावलेच आहे. पण ऐकून घ्या.

माझा जन्म एका कोंदट खोलीत झाला. पाच-सहा माणसे टेबलाला टेबल लावून बसायची आणि एकमेकांचा चहा चुकून प्यायची. त्यांनी माझ्या पोटात एक करडू सोडले. ते डोंगरावरून धावते, खडकाखडकांवर उड्या मारते आणि शेवटी शिखरावर हरवलेल्या आपल्या आईपाशी पोहोचते. गोष्ट एवढीच. पण करडाची उडी लिहिणारा माणूस त्या आठवड्यात सर्दीने बेजार होता. नाक पुसता पुसता त्याच्याकडून एक चूक झाली. करडू जमिनीवर आहे की नाही हे पाहताना त्याने पुढच्या पायाऐवजी मागचा पाय धरला. त्यामुळे कडा संपला तरी करडाला क्षणभर वाटायचे, आपण अजून जमिनीवरच आहोत. तेवढ्या वेळात उडी मारली तर ते वाचायचे. जे खेळाडू वेळेवर बटण दाबतात त्यांना ही चूक कधी भेटलीच नाही, म्हणून ती कुणाला कळलीही नाही. ती पोटात घेऊनच मी खोक्यात बसले आणि दुकानात गेले.

दुकानातून मला एका मामाने उचलले. त्याला भाचरांसाठी काहीतरी न्यायचे होते आणि माझ्या खोक्यावरचे करडू त्याला गोड वाटले. घरात दोन मुले होती, ताई आणि तिचा धाकटा भाऊ. त्याला सगळे टिल्लू म्हणत. टिल्लूच्या डाव्या हाताची बोटे जन्मापासून मिटत नसत. मामाने रिमोट त्याच्या हातात दिला आणि मग त्याच्या लक्षात आले. त्याचा चेहरा एवढासा झाला.

"आता रे काय करायचं?" तो म्हणाला.

"सरक तिकडे," ताई टिल्लूला म्हणाली, आणि त्याच्या डाव्या बाजूला चिकटून बसली. रिमोटची डावी बाजू तिने धरली, उजवी त्याने. करडाला पळवायचे ते ताईने, उडी मारायची ती टिल्लूने. कडा आला की ताई "हं!" म्हणायची आणि टिल्लू बटण दाबायचा.

आता तुम्हीच विचार करा. ताईने कडा बघायचा, मग "हं" म्हणायचे, ते टिल्लूने ऐकायचे आणि मग दाबायचे. उशीर होणारच. शेजारच्या मुलांनी आणलेल्या सगळ्या कॅसेटींमध्ये ही दोघे धडाधड पडायची. माझ्यात मात्र पडायची नाहीत. आधी त्यांना वाटले, आपल्याला जमायला लागले. मग तुटक्या पुलापाशी, जिथे दरी सगळ्यांत रुंद आहे, ताईने डोळे बारीक करून पाहिले आणि ती किंचाळलीच.

"टिल्ल्या, करडू हवेत उभं होतं! थोडंसंच! मी बघितलं!"

"म्हणजे आपण उशिरा दाबलं तरी चालतं?"

"आपण उसनं पाऊल घेतो. पलीकडे गेल्यावर परत करायचं."

तेव्हापासून त्या चुकीचे नाव उसनं पाऊल पडले. पलीकडे पोहोचले की दोघे करडाला तिथल्या तिथे एक पाऊल मागे न्यायची, उसने फेडल्यासारखे, आणि मगच पुढे जायची. त्यांची आई स्वयंपाकघरातून ओरडायची, "अभ्यासात कधी एवढी एकी दिसली नाही ती तुमची!" पण ओरडून झाले की दारात उभी राहून बघायची. ज्या पोराला कुणी खेळायला घेत नव्हते, ते शिखरावर पोहोचले की तिचे डोळे भरून येत. मग ती उगाचच पदराने टीव्हीवरची धूळ पुसायची.

मी कधी अडले की ही मुले मला बाहेर काढून यंत्रात बसणाऱ्या माझ्या दातांवर जोरात फुंकर मारत. फुंकर मारली की कॅसेट चालते, अशी त्या काळी सगळ्या मुलांची खात्री होती. खरे सांगायचे तर फुंकरीतल्या ओलाव्याने माझे तांब्याचे दात हिरवे पडत गेले. मी कधी तक्रार केली नाही. ते मला बिघडवत होते ते प्रेमाने, आणि असे बिघडलेले मला चालते.

मुले मोठी झाली. टिल्लू शाळेत गणित शिकवू लागला, त्याचे लग्न झाले, त्याला मुलगी झाली. मी त्याच्या कपाटात पडून होते. धूळ बसली, मनाला लागले, पण घर आपले होते. ताईचे मात्र फार नाव झाले. ती गेम बनवणाऱ्या एका कंपनीत लागली, आणि त्याच कंपनीने एके दिवशी माझ्या करडाचे हक्क विकत घेतले. ताई धावतपळत भावाकडे आली.

"कॅसेट दे. आपलं करडू परत येतंय!"

टिल्लूने मला काढले, शर्टाला पुसले. "नेऊन काय करणार?"

"नव्यानं बनवायचंय. मूळ कसं होतं ते बघायला ही हवी."

"बाकी काय हवं ते बदला. उसनं पाऊल तेवढं सांभाळ. पोरीला सांगतो, नवा गेम आला की तू डावीकडे बस, मी उजवीकडे."

"वेडा आहेस का? ते मी विसरेन?"

मित्रांनो, हे मी माझ्या कानांनी ऐकले आहे.

कंपनीत मला स्पिरिटच्या कापसाने पुसले. आयुष्यात पहिल्यांदा माझे दात कुणी नीट घासले होते. मी हरखून गेले. मग मला मधोमध ठेवून बैठक बसली. कुणी म्हणाले, आहे तसाच पुन्हा बाजारात आणा, लोकांना जुनेच हवे असते. चित्रे काढणारी बाई म्हणाली, हाडे तीच ठेवू, फक्त तोंड धुऊन नवे कपडे घालू. साहेबांचे म्हणणे होते की पाया खणून सगळेच नव्याने बांधावे, नाहीतर आजची मुले ढुंकून बघणार नाहीत. तिघांचेही थोडे थोडे खरे होते, हे मीही मान्य करते. माझे करडू चौकोनी ठिपक्यांचे आहे आणि त्याची शेपटी लांबून खिळ्यासारखी दिसते. त्याला मऊ लोकर मिळाली असती तर मला आनंदच झाला असता. मी काही नव्याच्या वाईटावर टपलेली म्हातारी नव्हे.

तेवढ्यात साहेबांनी विचारले, "हा गेम पुरता ओळखणारं कुणी आहे का इथं?"

आणि ताईला राहवले नाही. सगळ्यांसमोर तिने मला यंत्रात घातले, करडाला तुटक्या पुलाकडे पळवले आणि मुद्दाम उशिरा बटण दाबले. करडू हवेवर टेकले आणि पार गेले. "हे जगात कुणालाच माहीत नाही," ती म्हणाली. तिचा चेहरा फुलून आला होता. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

साहेबही हसले. "वा! एवढी वर्षं कुणाला सापडली नव्हती ही चूक. बरं झालं दाखवलीत. दुरुस्तीत पहिली हीच घ्या. हवेत पाय कसा टेकेल?"

टाळ्या थांबल्या. मी ताईकडे बघत होते. आता ती तोंड उघडेल, मला वाटले. सांगेल की ही चूक नाही, ही माझ्या भावाची जागा आहे. तिने ओठ उघडलेही. पण सगळे तिच्याकडे कौतुकाने बघत होते, आणि ते कौतुक तिला मोडवले नाही.

"हो ना," ती म्हणाली. "करून टाकू."

जे जगात कुणाला माहीत नव्हते, ते फक्त तिलाच सांगता येण्यासारखे होते. तिने ते सांगितले, आणि तेही मिरवण्यासाठी. परक्याने केले असते तर मी एवढी जळले नसते.

नव्या गेमच्या उद्घाटनाला घरच्यांना बोलावले होते. टिल्लू इस्त्रीचा शर्ट घालून आला, सोबत त्याची चिमुरडी. मी तोवर या काचेत येऊन बसले होते. माझ्यासमोरच मोठा पडदा होता. नवे करडू खरेच देखणे होते, वाऱ्याने त्याची लोकर हलत होती. बापलेक कोचावर चिकटून बसले. नवा रिमोट इवलासा, दोघांचे हात त्यावर मावेनात, तरी त्यांनी तो कसाबसा धरला. तुटका पूल आला. पोरगी "हं!" म्हणाली, टिल्लूने दाबले, आणि करडू दरीत गेले. पुन्हा गेले. पुन्हा गेले. मागे रांगेत उभे असलेले लोक चुळबुळू लागले.

"बाबा, तुम्ही उशिरा दाबता," पोरगी म्हणाली.

मित्रांनो, लहानपणापासून माझ्यासमोर बसलेल्या त्या मुलाला असे कुणी कधी म्हटले नव्हते. माझ्यात तो कधी उशिरा नव्हताच.

ताई घाईघाईने पुढे आली. "अरे, सोपा प्रकार पण आहे यात. तो लावते, पूल येतच नाही."

"पूल नको असता तर आलो कशाला?" टिल्लू म्हणाला. मग आवाज खाली आणून त्याने विचारले, "ताई, उसनं पाऊल कुठं गेलं?"

"ते... चूक म्हणून काढलं रे सगळ्यांनी."

"सगळ्यांना कुणी सांगितलं?"

ताईने त्याच्या हातातला रिमोट घेतला आणि रांगेतल्या पुढच्या माणसाला दिला.

टिल्लू उठून माझ्या पेटीपाशी आला. काचेला हात लावून म्हणाला, "मग हिला तरी परत दे. घरी पोरीबरोबर खेळतो." ताईने आधी मागे वळून साहेबांकडे पाहिले. साहेब पाहुण्यांशी बोलत होते, त्यांचे लक्षही नव्हते. "आत्ता नको ना," ती म्हणाली. "आत्ताच तर मांडलीय. देते नंतर." टिल्लू "बरं" म्हणाला, पोरीचा हात धरला आणि निघाला. दारात पोरीने वळून मला टाटा केला.

ते "नंतर" अजून आलेले नाही. नवा गेम धडाक्यात खपतो आहे. त्याची उडी अगदी बिनचूक आहे, असे वर्तमानपत्रातही छापून आले. साहेबांनी ते कात्रण माझ्याच पेटीत, माझ्या शेजारी लावले आहे.

म्हणून मित्रांनो, तुम्ही मोठे होऊन जुन्या गोष्टी पुन्हा काढाल तेव्हा माझे एवढे ऐका. आहे तशी काढा, धुऊन काढा, नाहीतर पायापासून नवी बांधा; पण जुनी कुलपात घालू नका, चालती ठेवा. आणि तिच्यातली एखादी चूक खोडण्याआधी विचारा, हिच्यावर कुणाचा पाय टेकला आहे का. कुणाला माहीत नसेल, तर ज्याला माहीत आहे त्याने निदान खरे बोलावे.

माझे दात अजून स्वच्छ आहेत, आणि करडू अजून हवेत टेकते. डावीकडे एक आणि उजवीकडे एक, एवढी दोन माणसे मला पुरतात. ताई रोज सकाळी माझ्यासमोरून जाते, हल्ली ती माझ्याकडे बघत नाही. पेटीचे कुलूप लहानसे आहे, आणि त्याची किल्ली तिच्याच पर्समध्ये असते.