गुळणीचा नियम

झुल्मिराने पेल्यातले पाणी तोंडात घेतले, गाल फुगवले आणि रिकामा पेला खिडकीच्या कट्ट्यावर ठेवून दिला. आता हे पाणी गिळायचे नाही, थुंकायचेही नाही. समोरच्या टेबलाची परीक्षा संपेपर्यंत ते तोंडातच राहणार.

नियम तिनेच केलेला. एकवीस वर्षांपूर्वी तिने पोर्तोत वस्तूंची रचना करून देणारा आपला स्टुडिओ काढला, तेव्हापासूनचा. घडवणारा शेजारी उभा राहून समजावत बसला, की नापास व्हायची वस्तूही पास होते, असे तिचे म्हणणे. म्हणून आपली वस्तू दुसरा वापरून पाहत असताना घडवणाऱ्याने तोंडात गुळणी धरायची. नवी माणसे पहिल्या दिवशी या नियमाला हसत आणि दुसऱ्या दिवशी पाणी गिळून बोलताना पकडली जात. मग सगळ्यांची कॉफी त्यांच्याकडे.

आज तिच्या स्वतःवरच पाळी होती. पोर्तोशेजारच्या मातोझिन्योशमधल्या या कारखान्यात तारली मासळी डब्यात भरणाऱ्या चाळीस बायका होत्या आणि त्यांच्यासाठी नवी टेबले करायची होती. प्लायवूड आणि पुठ्ठ्याचे दोन नमुने तयार होते. एक झुल्मिराचा, दुसरा तिच्या हाताखालच्या बेनेदिताचा. ठरले होते ते असे, की आधी झुल्मिराचे टेबल पाहायचे, मग बेनेदिताचे आणि त्यानंतर मालकाने निवड करायची. जे निवडले जाईल त्यावर या बायका पुढची वीस वर्षे काम करणार होत्या.

झुल्मिराला निवडीची काळजी नव्हती. तिची आई याच कारखान्यात सव्वीस वर्षे उभी होती. घरी आल्यावर मिठाच्या कोमट पाण्यात पाय सोडून बसलेली आई तिने लहानपणी रोज पाहिली होती. म्हणूनच तीन आठवडे इथे येऊन कामाची पाहणी करायची वेळ आली, तेव्हा तिने बेनेदिताला एकटीला पाठवले. "मला काय पाहायचंय? मी त्यातच वाढले," असे म्हणून ती स्वतः स्टुडिओतच बसून राहिली. इतर कोणी असे केले असते तर तिने त्याची बिनपाण्याने केली असती. तिच्या टेबलाला प्रत्येकीसाठी पाठ टेकायची खुर्ची होती, आणि मासळीची पाटी हाताशी यावी म्हणून समोरच उभा खण होता.

चार बायका पांढऱ्या टोप्या सारख्या करत खुर्च्यांवर बसल्या. त्यांच्यातली थोरली कुस्तोदिया. साठी ओलांडलेली, पण हात असे चालत की नजरेला सापडत नसत.

"कसं वाटतंय?" बेनेदिताने विचारले.

"छान आहे हो. फार छान," कुस्तोदिया म्हणाली. "सायबिणीसारखं वाटतंय."

बाकीच्या हसल्या. मालक, इंजिनियर पेद्रोझा, यांनी फोन काढून फोटो घेतला. "बघा, बाहेरचे पाहुणे येतात तेव्हा आमच्या बायका खुर्चीत बसलेल्या दिसल्या पाहिजेत. काम झालं तर मग. दुसरं टेबल कशाला पाहायचं?"

झुल्मिराचे लक्ष मात्र टेबलाखाली होते. बायकांचे हात मंदावले होते. समोरच्या खणामुळे समोरची दिसत नव्हती, आणि एरवी कलकल करणाऱ्या त्या चौघी शाळेतल्यासारख्या गप्प झाल्या होत्या. मग कुस्तोदियाने उठून खुर्ची टाचेने मागे सारली आणि उभ्याने डबे भरू लागली. तिच्या मागोमाग दुसरी उठली, मग उरलेल्या दोघीही. तोंडाने छान म्हणणाऱ्या माणसाचे पाय काय म्हणतात ते बघा, हे झुल्मिराच सगळ्यांना शिकवत आली होती.

तिने बेनेदिताकडे पाहिले. पोरीनेही ते पाहिले होते. आता ही बोलेल का? मालक खूश आहे, टेबल साहेबीणबाईंचे आहे, आणि दुसरे टेबल हिचे स्वतःचे. बोलली तर लोक म्हणणार, आपलं घोडं पुढं दामटते आहे. एकवीस वर्षे आपण जे शिकवले ते या खोलीत टिकते की नाही, एवढेच आता तिला कळायचे होते.

"साहेब," बेनेदिता म्हणाली. "हे टेबल नको. त्या चौथ्या मिनिटाला उठल्या. खुर्च्या मागे ढकलल्या त्यांनी."

"सवय, दुसरं काय. महिनाभरात बसायला लागतील."

"नाही लागणार. मी तीन आठवडे इथं होते. त्या एकमेकींचं तोंड बघून हात चालवतात. एकीचा हात अडला की समोरची बघते आणि थोडी मासळी आपल्याकडे ओढून घेते. इथं समोरचीच दिसत नाही."

पेद्रोझांनी भुवया उंचावून झुल्मिराकडे पाहिले. "काय हो, तुमचीच पोरगी तुमच्या तोंडावर तुमचं टेबल नापास करते आहे. तुम्ही काय म्हणता?"

गिळून टाकावे आणि बोलावे, असे तिला एकदा वाटलेही. वाईट वाटले नाही असे कसे म्हणावे? सहा महिन्यांचे काम होते, आणि त्यात आईचे पाय होते. पण त्याहून मोठे काहीतरी उरात दाटून आले, आणि तो अभिमान होता हे तिला लगेच ओळखू आले. ती पुढे झाली, कुस्तोदियामागची खुर्ची उचलली आणि भिंतीशी नेऊन ठेवली. मग दुसरी. मग उरलेल्या दोन. चौथी ठेवून झाल्यावरच तिने पाणी गिळले.

"आता हिचं टेबल आणा," ती म्हणाली. "बेनेदिता, पाणी."

बेनेदिताने मुकाट्याने तोंडात गुळणी धरली.

तिचे टेबल दिसायला अगदीच साधे होते. अरुंद, मध्ये काही आड नाही, खाली आळीपाळीने एकेक पाय टेकायला दांडा आणि पाठीमागे कंबर टेकवायला गोल फळी. बायका उभ्या राहिल्या. पाच मिनिटांत कुणाच्या तरी सुनेचा विषय निघाला आणि डबे भराभर भरू लागले. कुस्तोदियाचा डावा पाय दांड्यावर गेला, थोड्या वेळाने उजवा. कुणी सांगितले नव्हते.

झुल्मिरा तिच्याजवळ जाऊन उभी राहिली. "खुर्ची खरंच नको होती का हो तुम्हाला? माझी आई इथंच होती. पाय सुजायचे तिचे. तिला बसायला मिळालं असतं तर, असं मला जन्मभर वाटत आलंय."

"नाव काय आईचं?"

"एर्मेलिंदा."

कुस्तोदियाचे हात थांबले. तिने झुल्मिराला खालपासून वरपर्यंत न्याहाळले. "म्हणजे तू एर्मेलिंदाची पोर? अगं, तिच्या समोर उभी राहून शिकले मी हे काम. चौदा वर्षांची होते." ती पुन्हा डबे भरू लागली. "स्टूल होतं तिला. मुकादमानं दिलं होतं. त्यावर जेवणाचा डबा ठेवायची ती."

"डबा? आणि स्वतः उभी?"

"बसलं की मधल्या पाट्यांमुळं आम्ही दिसायचो नाही तिला. मग बोलणार कुणाशी?"

"एवढं काय बोलायचं असायचं तिला?"

"तुझंच की. पोरीनं मासळीच्या कागदावर जहाज काढलं, पोरीला मास्तर असं म्हणाले, पोर लिस्बनला शिकायला गेली. पाय दुखायचे, तरी उभी. कान किटले होते बाई आमचे."

झुल्मिराने टेबलाची कड धरली. घरी आई तिच्या चित्रांकडे बघून नुसती "हं" म्हणायची.

पेद्रोझा जवळ आले. "टेबल चाललं, हे दिसतंय मला. पण चाळीस बायकांचं काम या पोरीच्या हाती द्यायचं म्हणता, तर तिनं याआधी केलंय तरी काय?"

"सांगते," झुल्मिरा म्हणाली.

आणि तिने सांगायला सुरुवात केली. आंधळ्यांच्या शाळेतले कपाट, बंदरावरचे बाक, पहिल्याच वर्षी मोडून पुन्हा केलेली ती रुग्णालयाची पायरी, अगदी पहिल्या मुलाखतीला पोर पावसात भिजून आली होती तेही. गाल फुगलेली बेनेदिता लाल होऊन दोन्ही हातांनी पुरे पुरे करत होती. पेद्रोझांनी दोनदा घड्याळ पाहिले. ते झुल्मिराला दिसले, पण तिचे अजून बरेच सांगायचे राहिले होते.