दीड लिटर जास्त, अर्धा सेंटिमीटर कमी

गाडीच्या मागून धूर निघतोय हे सगळ्यात आधी माझ्या नातीला दिसलं. मागच्या खिडकीला नाक चिकटवून बसलेल्या तिने ते अगदी बातमी दिल्यासारखं सांगितलं.

"आजोबा, मागची मोटारसायकल दिसेनाशी झाली."

"पुढे गेली असेल," टेलर म्हणाला.

"नाही. धुरात गेली."

गाडी मीच चालवत होतो. आरशात पाहिलं तर मागे रस्ता उरलाच नव्हता, नुसतं निळसर धुकं. चढावर इंजिन दमेकऱ्यासारखं धापा टाकत होतं. मी गाडी कडेला घेतली. घड्याळात साडेअकरा झाले होते.

गाडी म्हणजे आमची जुनी मोटरहोम. तिला आम्ही 'बिऱ्हाड' म्हणतो. आत दोन बाकं, एक शेगडी, हात धुण्यापुरतं बेसिन आणि एक टेबल. टेबलाची फळी काढून दोन बाकांमध्ये टाकली की पलंग होतो. मालक तिघं. मी शाळेत विज्ञान शिकवायचो, डॉक्टर लोकांचे दात काढायचा आणि टेलर शाळेचे गणवेश शिवायचा. तिघंही निवृत्त, म्हणजे घरच्यांच्या भाषेत सतत पायात येणारे. दर महिन्याला चार दिवस गाडी घेऊन कुठेतरी जाऊ का, असं विचारलं तेव्हा तिन्ही घरांतून इतक्या आनंदाने होकार आला की आम्हाला थोडं वाईटच वाटलं.

या खेपेला चौथं माणूस माझी नात होती. वय वर्षं नऊ. तिला सगळे टाचणी म्हणतात, कारण ती तेवढीच बारीक आहे आणि तशीच टोचते. आम्ही निघालो होतो थीम पार्कला, आणि तेही एकाच गोष्टीसाठी. तिथे 'अजगर' नावाची रोलर कोस्टर आहे. माणसाला तीनदा उलटं करून ती पुन्हा जागेवर आणून सोडते. बसायचं असेल तर उंची किमान एकशेतीस सेंटिमीटर हवी. दोन वर्षं टाचणी त्या उंचीच्या फळ्याखाली उभी राहून परत फिरली होती. पहिल्या वर्षी रडली. दुसऱ्या वर्षी रडली नाही, पण घरी येईपर्यंत बोललीही नाही. आणि आता पार्कवाल्यांनी जाहीर केलं होतं की अजगर जुना झाला, उद्यापासून तो उतरवणार. शेवटची फेरी आज संध्याकाळी साडेपाचची. पुढच्या वर्षी बघू, असं म्हणायची सोय राहिली नव्हती.

आदल्या संध्याकाळी टेलरने टेप काढून तिचं माप घेतलं होतं. एकशे साडेएकतीस. तो आकडा तिने बॉलपेनने तळहातावर लिहून ठेवला होता आणि अर्ध्या अर्ध्या तासाने वाचत होती.

मी बॉनेट उघडलं. तेल मोजायची काडी ओढून काढली, पुसली, परत घातली, काढली. खालच्या आणि वरच्या खुणेच्या मधे तेल दिसायला हवं. ते वरच्या खुणेच्याही बरंच वर होतं.

"निघण्याआधी तेल कोणी घातलं?" मी विचारलं.

"मी," डॉक्टर म्हणाला. "अर्धा लिटर. तोंड आणि इंजिन कोरडं पडू देऊ नये."

टेलर रस्त्याकडे बघत म्हणाला, "मीपण घातलं."

"किती?"

"अर्धाच. थोडं वाढतं असलेलं बरं."

"कपाटाच्या दारावर मी तक्ता लावलाय," मी म्हणालो. "तेल, पाणी, हवा, बॅटरी. काम केलं की समोर सही करायची. एवढी साधी गोष्ट."

"मास्तर, आम्ही काय सातवीत आहोत?" डॉक्टर म्हणाला.

"सही नव्हती म्हणून तर..." इथे मी थांबलो.

टाचणीने मान वाकडी करून माझ्याकडे पाहिलं. "म्हणून काय, आजोबा?"

"म्हणून मीपण अर्धा लिटर घातलं."

"काडी बघितली नाही?"

"बघितली. चष्मा आत राहिला होता."

डॉक्टर रस्त्याच्या कडेला बसून बराच वेळ हसला. मी मुलांना नेहमी सांगायचो की चूक झाली तर आधी ती नीट समजून घ्यावी. म्हणून टाचणीला समजावून सांगितलं, की तेल जास्त झालं तर आत फिरणारा दांडा ते घुसळतो, त्याचा फेस होतो, आणि जिथे जायला नको तिथे ते जाऊन जळतं.

"बरं," ती म्हणाली. "पण काढायचं कसं?"

खालचा बोल्ट उघडून काढता येतं. पण त्यासाठी गाडीखाली शिरावं लागतं, आणि आमच्यातला जो शिरला असता त्याला बाहेर काढायला वेगळी गाडी बोलवावी लागली असती. शेवटी डॉक्टर आत जाऊन त्याची पेटी घेऊन आला. तिच्यात पन्नास मिलिलिटरची एक सिरिंज होती आणि बारीक लांब नळी.

"निवृत्त होऊन सहा वर्षं झाली तुला," टेलर म्हणाला. "हे कशाला बरोबर बाळगतोस?"

"तुझ्या तोंडाकडे बघून."

इंजिन थोडं निवू दिलं. मग डॉक्टरने काडीच्या भोकातून नळी आत सोडली आणि इंजिनाला म्हणाला, "आ करा. दुखलं तर हात वर करा."

"टाचणी," मी म्हणालो, "दीड लिटर काढायचंय. एका वेळी पन्नास मिलिलिटर. किती वेळा?"

"तीस. पण आजोबा, आत्ता गणित नको. साडेपाच."

तिसावी सिरिंज रिकाम्या डब्यात पडली तेव्हा सव्वा वाजला होता. काडी पुसून पाहिली, या वेळी चष्मा लावून. तेल बरोबर दोन खुणांच्या मधे आलं. पुढची दहा मिनिटं मागे राहिलेला धूर निघत राहिला, मग मोटारसायकली दिसायला लागल्या.

पार्कच्या वाहनतळावर पोचलो तेव्हा पावणेचार झाले होते. टाचणी पळतच सुटली. अजगराच्या दारापाशी एक तरुण बाई हातात सपाट पट्टी घेऊन उभी होती. तिने टाचणीला फळ्याला पाठ लावून उभं केलं, केस दाबले, पट्टी टेकवली आणि वाकून पाहिलं.

"एकशे साडेएकोणतीस."

"नाही," टाचणी म्हणाली आणि तळहात पुढे केला. "साडेएकतीस."

पट्टीवालीने तो हात नीट वाचला. "अर्धा सेंटिमीटर कमी आहे ग. मला नाही सोडता येणार. माणसाला धरून ठेवणारा आतला बार त्याच मापाचा आहे."

तिचं काही चुकत नव्हतं. आम्ही बाजूला झालो. डॉक्टरने आणि मी एकदमच टेलरकडे पाहिलं. टेलर आपल्या चपलांकडे पाहत होता.

"एक बोट वाढतं धरलं गेलं असेल," तो म्हणाला.

"उंचीत?" डॉक्टरने विचारलं.

"हात आपोआप जातो रे. चाळीस वर्षं पोरांची मापं घेतली. जसंच्या तसं माप घेतलं की सहामाहीला पँट घोट्याच्या वर आणि आई दुकानात."

टाचणी रडली नाही. तिने अंगठा जिभेला लावला आणि तळहातावरचा आकडा पुसायला लागली. शाई जाईना. ती घासतच राहिली. टेलरला ते बघवेना, तो पाठ फिरवून उभा राहिला.

मी तिच्याजवळ उकिडवा बसलो. "माप कधी घेतलं होतं?"

"काल. संध्याकाळी."

"आणि आज सकाळी उठल्या उठल्या घेतलं असतं तर?"

"तेवढंच आलं असतं."

"नसतं आलं. पाठीच्या मणक्यांमध्ये मऊ चकत्या असतात, स्पंजसारख्या. दिवसभर बसून, उभं राहून त्या चेपतात. आडवं झालं की हळूहळू पुन्हा फुगतात. सगळीच माणसं सकाळी थोडी उंच असतात."

तिने विचार केला. "म्हणजे मी गाडीत बसून बसून चेपले."

"हो."

"म्हणजे तेलामुळे."

"तेलामुळे."

"म्हणजे तुमच्यामुळे."

"आमच्या तिघांमुळे," मी म्हणालो.

"किती वेळ झोपलं की अर्धा सेंटिमीटर येतं?"

"तासाभरात यावं. नक्की नाही सांगत."

तिने घड्याळ पाहिलं. दहा मिनिटांनी ती बिऱ्हाडातल्या फळीवर सरळ पाठीवर झोपली होती, हात बाजूला, नजर छताला. टेलरला आम्ही रांगेत उभं केलं, कारण शेवटच्या फेरीसाठी रांग आताच वळणापर्यंत गेली होती. तो निमूट गेला. एरवी उन्हात उभं राहायचं म्हटलं तर त्याने तीन कारणं सांगितली असती.

चार वीसला टाचणी आडवी झाली. तिला हसू येऊ नये म्हणून डॉक्टरने बोलायचं नाही असं ठरलं. त्याने ते चार मिनिटं पाळलं.

"मास्तर," तो कुजबुजला, "इथून अजगरापर्यंत दहा मिनिटं चालायचंय. चालली की परत चेपणार नाही का?"

"थोडीशी."

"अर्ध्यातलं थोडंसं म्हणजे बरंच झालं."

हे मला सुचायला हवं होतं. आम्ही दोघांनी फळीकडे पाहिलं. पाच दहाला आम्ही फळी टाचणीसकट उचलली. पुढे मी, मागे डॉक्टर. तिचं वजन पंचवीस किलो, फळीचं दहा, आणि आमची मिळून वयं एकशे चाळीस.

पहिली अडचण उन्हाची. ते थेट तिच्या डोळ्यांत येत होतं, म्हणून तिने अंगावरची पांढरी चादर तोंडावर ओढून घेतली. त्यानंतर पार्कमधली गर्दी आपोआप दुभंगली. फुगेवाला गप्प झाला. एका गृहस्थांनी टोपी काढली.

"चार माणसं लागतात खरं तर," डॉक्टर मागून म्हणाला. "आपण दोघांतच उरकतोय."

"गप्प बस. मला हसू आलं तर हात सुटेल."

चादरीखाली टाचणी शिंकली. शेजारून चाललेल्या बाईंच्या हातातलं आइस्क्रीम सरळ खाली गेलं.

एक सुरक्षारक्षक धावत आला. "काय झालं? डॉक्टर बोलावू?"

"मीच डॉक्टर," डॉक्टर म्हणाला.

"मग हिला नेताय कुठे?"

"रोलर कोस्टरला."

रक्षक आमच्या पुढे चालू लागला आणि लोकांना बाजूला करू लागला.

अजगरापाशी पोचलो तेव्हा पाच पंचवीस झाले होते. रांगेत टेलर दारापासून तिसरा होता. मागचे लोक त्याच्यावर वैतागलेले दिसत होते, कारण चौकशी करणाऱ्या प्रत्येकाला तो सांगत होता की माझी जोडीदारीण अजून झोपली आहे. आम्ही फळी पायाकडून टेकवली आणि डोक्याकडून हळूहळू उभी केली. टाचणी फळीवरून सरळ फळ्याखाली गेली. मधे एकच पाऊल पडलं.

पट्टीवालीने आधी तिच्याकडे पाहिलं, मग चादरीकडे, मग आम्हा दोघांकडे. आम्हाला बोलण्याइतका दम उरला नव्हता. तिने केस दाबले, पट्टी टेकवली आणि वाकली. टेलरने डोळे मिटून घेतले. मी शास्त्राचा माणूस आहे. मी मिटले नाहीत, पण श्वास घेतला नाही.

"एकशेतीस," ती म्हणाली. मग आणखी वाकली. "आणि वर एक रेघ."

टाचणी हलली नाही. "जाऊ?"

"मघाशी तूच होतीस ना?"

"मीच."

"मघाशी कमी होतीस."

"वाढतं वय आहे," टेलर डोळे न उघडता म्हणाला.

पट्टीवालीला हसू आलं. तिने साखळी काढली. "जा. बरोबर मोठं माणूस कोण? एकटीला नाही सोडत."

डॉक्टर आणि मी रांगेत नव्हतो. मागचे लोक आम्हाला मधे घुसू देणार नव्हते, ते त्यांनी तोंडावर सांगितलं. रांगेत होता एकच जण. त्याने आता डोळे उघडले होते.

"मी फक्त जागा धरली होती," टेलर म्हणाला.

टाचणीने त्याचा हात धरला. "चला, टेलर आजोबा."

"मला झोपाळ्यावरसुद्धा गरगरतं ग."

"डोळे मिटा. आत्ता मिटले होते तसे."

तो गेला. मला वाटतं, तळहात पुसणारी ती पोर त्याला अजून दिसत होती. बार खाली आला आणि अजगर वर चढायला लागला. वरच्या वळणावर क्षणभर सगळं थांबलं. मग किंचाळ्यांचा एक लोट खाली आला. त्यात एक आवाज इतरांपेक्षा बराच जाड होता आणि तो तिन्ही उलट्या फेऱ्यांत एकदाही तुटला नाही. डॉक्टर कौतुकाने म्हणाला, "छाती चांगली आहे गड्याची."

बाहेर आले तेव्हा टाचणीचे केस उभे होते. ती काही बोलत नव्हती, पण गेल्या वर्षीसारखी नाही. टेलरची दातखीळ बसली होती. डॉक्टरने त्याला फळीवर बसवलं, दोन्ही गालांवर अंगठे ठेवले आणि जबडा हळूहळू मोकळा केला. टेलरने तोंड उघडझाप करून पाहिलं.

"त्या बाईला सांगा," तो म्हणाला, "आतला बार वाढत्या अंगाचा केलाय. दोन बोटं ढिला आहे."

"तू आत गेल्यावर बारीक झालास," डॉक्टर म्हणाला.

या वेळी फळीवर टेलर आडवा झाला नाही, कारण उचलायला कोणी तयार नव्हतं. फळी आम्ही आळीपाळीने डोक्यावर घेतली. बिऱ्हाडापाशी आल्यावर टाचणी आत गेली आणि माझा चष्मा घेऊन आली. तो तिने माझ्या नाकावर ठेवला आणि बॉनेट उघडायला लावलं. काडी तिने स्वतः काढली, पुसली, घातली, काढली, आणि आम्हा तिघांच्या नाकासमोरून फिरवली. तेल दोन खुणांच्या मधे होतं.

मग तिने कपाटाच्या दारावरच्या तक्त्यात तेलासमोर सही केली. पूर्ण नाव, आडनावासकट.

टेलरचा हात मात्र सवयीने डब्याकडे गेला होता. "अगदी थोडं," तो म्हणाला. "लांब जायचंय."

"हात मागे," टाचणी म्हणाली.

आम्ही तिघांनी हात मागे बांधले. डबा तिने उचलला आणि पुढच्या सीटवर आपल्या मांडीत घेऊन बसली.