तिन्ही पाळ्यांना एकच सही

हर्षाली मॅडम गुरुवारी अकराला येणार म्हटल्यावर मल्हारीने बुधवारपासूनच घर धुवायला काढलं. एकलहऱ्याच्या वीज केंद्रात चौतीस वर्षं बॉयलरवर काढलेला माणूस तो. बाहेरून कुणी कागद घेऊन येतं तेव्हा ते इन्स्पेक्शन असतं, आणि इन्स्पेक्शनच्या आधी गंजक्या पाइपालासुद्धा रंग मारायचा असतो, हे त्याच्या हाडीमाशी खिळलेलं. त्याने कमोडची खुर्ची पडद्यामागे ढकलली, औषधांची पिशवी कपाटात कोंबली आणि बायकोला, शकुबाईला, ठेवणीतली हिरवी साडी नेसवली. त्याला पाऊण तास लागला, तरी निऱ्या उलट्याच गेल्या. शकुबाई त्या निऱ्यांकडे बघून तोंडाच्या डाव्या बाजूने हसली. उजवी बाजू दीड वर्षापूर्वीच्या अर्धांगाच्या झटक्यात गेली होती, आणि तिच्याबरोबर बोलणंही. ‘हो’, ‘नको’ आणि ‘अगं बाई’ एवढंच काय ते उरलं होतं. नवऱ्याची थट्टा करायची खोड मात्र शाबूत होती.

हर्षाली मानसोपचाराच्या दवाखान्यातली मानसशास्त्रज्ञ. नवरा-बायकोतलं एक अंथरुणाला खिळलं की दुसऱ्याचं काय होतं, आणि त्या दोघांच्या नात्याचं काय होतं, यावर तिचं संशोधन चाललं होतं. पोरगी गोड बोलली म्हणून मल्हारीने संमतीच्या कागदावर सही ठोकून दिली. घोळ नंतर झाला. पुण्याहून मुलाचा, रवीचा फोन आला, तेव्हा मल्हारीने त्याला हे सांगितलं. “बरं झालं आण्णा. तुम्हाला झेपत नाही असं त्या मॅडमच म्हणाल्या, तर आईला इथल्या शुश्रूषा केंद्रात ठेवू. मी बघून ठेवलंय, चांगलं आहे.” रवी काही वाईट मुलगा नव्हता. बापाची पाठ दर व्हिडिओ कॉलला थोडी जास्त वाकलेली त्याला दिसत होती, एवढंच. मल्हारीच्या डोक्यात मात्र एकच घोळत राहिलं. शकू त्या केंद्रात, आणि आपण इथे भिंतीशी बोलत बसायचं?

म्हणून पहिल्या गुरुवारी त्याने सगळं नॉर्मल दाखवलं.

“काका, थकवा येतो?”

“कधीच नाय.”

“झोप पुरते?”

“लय झोपतो मी.”

“मावशींवर कधी चिडता?”

“छे!” मंगळवारीच पेज सांडली म्हणून तो तिच्यावर खेकसला होता, आणि मग मोरीत नळ सोडून रडला होता. ते काही फॉर्मवर आलं नाही. बावीस प्रश्न, बावीस वेळा नॉर्मल. हर्षालीने वाद घातला नाही. जाताना म्हणाली, “पुढच्या गुरुवारी मावशींची पाळी. तुम्ही तेव्हा आतल्या खोलीत बसायचं.”

“तिला कुठं बोलता येतंय?”

“बोट तर दाखवता येतं ना, काका.”

झालं! मल्हारीचा पुढचा आठवडा नासला. शकूला खोटं बोलता येत नाही हे त्याला चाळीस वर्षांचं माहीत.

दुसऱ्या गुरुवारी तो चहाच्या निमित्ताने स्वयंपाकघरात गेला आणि नीट ऐकू यावं म्हणून गॅसच बंद करून उभा राहिला. हर्षालीने शकुबाईसमोर एक पुठ्ठा धरला होता. त्यावर ओळीने पाच चेहरे, पहिला खदखदून हसणारा, पाचवा पार रडवेला. “मावशी, काका किती थकतात?” मल्हारीने दारातून मान काढली. शकुबाईचं डावं बोट एकेका चेहऱ्यावरून सरकत गेलं आणि पाचव्यावर जाऊन थांबलं. नुसतं थांबलं नाही, तिने दोनदा ठोकून दाखवलं. “चिडतात तुमच्यावर?” बोट मधल्या चेहऱ्यावर, आणि वर ती हसलीसुद्धा. “आणि काकांजवळ राहायला कसं वाटतं?” या वेळी तिने बोट दाखवलंच नाही. पहिल्या चेहऱ्यावर सगळा पंजा ठेवून दिला.

मल्हारी रिकामी गाळणी हातात घेऊन बाहेर आला. “मॅडम, तो मागचा फॉर्म फाडा,” तो म्हणाला. “खुर्चीत बसून रीडिंग भरलंय मी. प्लांटला अश्विन म्हणून पोरगा होता. मीटरपाशी न जाता आकडे टाकायचा. त्याची वही मी फेकून दिली होती. आणि आता मीच...” तो पलंग आणि मॅडम यांच्या मधे येऊन उभा राहिला. “पण म्हणून हिला न्यायचं नाय.”

“कोण नेतंय?” हर्षाली चक्रावली. मग त्याने रवीचं सगळं सांगितलं. ती ऐकत राहिली आणि म्हणाली, “काका, या फॉर्मवर तुमचं नावसुद्धा नाही, नंबर आहे. कुणी कुठे राहायचं ते मी ठरवत नाही. रवीदादांशी मी बोललेलेही नाही.” मल्हारी स्टुलावर बसला. आठवडाभर उगाच जिवाचं पाणी केलं होतं!

हर्षालीची नजर खिडकीतल्या जाड वहीवर गेली. विचारून तिने ती उघडली. रोजच्या तीन पाळ्या आखलेल्या. बीपी, गोळ्या, पेज किती वाट्या, कूस कधी बदलली. प्रत्येक पाळीखाली ‘चार्ज दिला: मल्हारी’, आणि त्यापुढे ‘चार्ज घेतला’ म्हणून एक जागा. दीड वर्षाच्या वहीत ती जागा रिकामी होती.

“ही कशाची?”

“रिलीव्हरची,” मल्हारी म्हणाला. “प्लांटचा नियम हाय. पुढचा माणूस येऊन चार्ज घेतला म्हणत नाय तोवर मशीन सोडायचं नाय. मी ड्यूटीवरून घरी आलो की हिला गमतीनं म्हणायचो, चार्ज दिला. ही डबा घ्यायची हातातून आणि म्हणायची, घेतला, निजा आता.” पलंगावरची शकुबाई कान देऊन ऐकत होती.

“आणि रिलीव्हर आलाच नाही तर?”

“इन्चार्जला फोन करायचा. माणूस मागायचा.”

“मग माणूस मागितला म्हणून तुम्हाला मशीनवरून काढायचे?”

“काढतील कशाला? माणूस मागणं तर...” मल्हारी बोलता बोलता थांबला. मग शर्टाच्या खिशातून त्याने फोन काढला.

“रवी,” तो म्हणाला, “मी थकलोय रे. लय थकलोय. पण केंद्र नको. मला रिलीव्हर पाहिजे.” मल्हारीला वाटलं, लागलीच केंद्राचा विषय निघणार. पण रवी प्लांटच्या कॉलनीत वाढलेला पोरगा होता. त्याने एवढंच विचारलं, “पाळी कुठली, आण्णा?”

“शनिवारची पहिली. एक आड एक शनिवार.”

“येतो. मी आणि तुमची सून चैताली, आलटून पालटून. बाकीच्या दिवसांसाठी तिथेच एखादी बाई बघू, दुपारपुरती. आधी का नाही बोललात?”

फोन ठेवून मल्हारी शकुबाईच्या पायाशी सतरंजीवर बसला आणि पलंगाच्या कडेला डोकं टेकवलं. हर्षालीने नवा फॉर्म काढला होता, पण पहिला प्रश्न विचारायची तिला घाई नव्हती. मल्हारीने डोळे मिटले आणि जुन्या सवयीने पुटपुटला, “चार्ज दिला, शकू.”

शकुबाईचा डावा हात त्याच्या पांढऱ्या केसांवर आला. तिचे ओठ बराच वेळ नुसते हलत राहिले, कपाळावर घाम आला.

“घे... तला,” ती म्हणाली.

मल्हारीचे खांदे गदगदले. त्याने मान मात्र वर केली नाही, कारण वर केली असती तर तिने हात काढला असता. थोड्या वेळाने गदगदणं थांबलं आणि भर दुपारी बारा वाजता तो घोरायला लागला. हर्षाली काहीतरी बोलायला गेली, तर शकुबाईने तोच हात उचलून ओठांवर बोट ठेवलं, तिला गप्प केलं, आणि परत आपल्या ड्यूटीवर ठेवून दिला.